नुसता प्लॅन काढून दे

"आत्या, तू नुसता प्लॅन काढून दे. सही दुसऱ्या कुणाची तरी घेऊ की!"

सरकारी नोकरीतल्या आर्किटेक्टला हे सख्ख्या भाच्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत कुणाकडूनही ऐकावं लागतं. म्हणणाऱ्याच्या मनात वावगं काही नसतं. घरात डॉक्टर असला की जेवायच्या पानावर बसल्या बसल्या आपण त्याला जीभ दाखवतोच, तसंच हे. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागात वास्तुशास्त्रज्ञ म्हणून माझी सगळी नोकरी झाली. त्या काळात मी असे प्लॅन काढून दिले नाहीत, म्हणून माहेरी माझी ख्याती 'भाव खाणारी' अशी आहे. आता निवृत्तीनंतर कुणी विचारत नाही. सगळ्यांचे बंगले बांधून झाले. तेव्हा निवांतपणे सांगायला हरकत नाही, की भाच्याच्या त्या दोन वाक्यांत दोन वेगवेगळ्या नियमावल्या मोडायची सोय होती.

पहिलं वाक्य, 'नुसता प्लॅन काढून दे'. राज्य सरकारच्या नोकरांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात. केंद्राचे १९६४ चे वर्तणूक नियम आहेत, त्याच धर्तीचे. शासनाची आधी परवानगी घेतल्याशिवाय खाजगी धंदा किंवा दुसरी नोकरी करायची नाही, हा त्यातला सर्वांना ठाऊक असलेला भाग. केंद्राच्या नियमांत याला अपवादही आहेत: सामाजिक किंवा धर्मादाय स्वरूपाचं मानद काम, आणि अधूनमधून केलेलं साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय काम, अर्थात रोजच्या कामाला बाधा येणार नसेल तर. वास्तुकला ही कलाच आहे, मग बंगल्याचा प्लॅन हे कलात्मक काम का धरू नये, असा युक्तिवाद आमच्या एका सहकाऱ्याने चहाच्या टेबलावर मोठ्या आवेशाने केला होता. लेखी मात्र कधी केला नाही.

दुसरं वाक्य जास्त वाईट. पालिकेत नकाशा दाखल करताना त्यावर सही करणारा आर्किटेक्ट लेखी सांगत असतो, की हा नकाशा माझा, मापं मी तपासली आहेत, बांधकामावर माझी देखरेख राहील. उद्या जोत्याची तपासणी झाली आणि सामासिक अंतर दोन फूट कमी भरलं, तर विचारणा त्याला होते. मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू झालेल्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने तर छोट्या भूखंडांसाठी पालिकेची छाननी कमी करून आर्किटेक्टच्या किंवा परवानाधारक अभियंत्याच्या प्रमाणपत्रावरच भार टाकला आहे. अशा वेळी नकाशा एकाचा आणि सही दुसऱ्याची असेल, तर त्या घराची जबाबदारी खरं म्हणजे कुणाचीच नाही. सही उसनी देणारा आर्किटेक्ट, 'व्यवसायावरचा लोकांचा विश्वास कमी होईल असं वागू नये' या कलमाखाली अडचणीत येऊ शकतो. नकाशा काढणारी आत्या सरकारी नोकर असेल, तर ती दोन्हीकडून.

हे कलम आलं कुठून, ते सांगते. १९७२ साली संसदेने आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट केला आणि त्याखाली काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर स्थापन झाली. डॉक्टरांची मेडिकल काउन्सिल आणि वकिलांची बार काउन्सिल त्याच्या आधीपासून होत्या. आमची उशिरा आली. काउन्सिलकडे नाव नोंदवलं की 'सीए' या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मिळतो, त्यात नोंदणीचं वर्ष असतं. काउन्सिलने १९८९ मध्ये व्यावसायिक वर्तनाचे विनियम काढले. त्यातली पहिलीच ओळ सरकारी आर्किटेक्टने भिंतीवर लावावी अशी आहे. ती म्हणते, की प्रॅक्टिस करणारा असो वा नोकरीतला, प्रत्येक आर्किटेक्ट या नियमांनी बांधलेला आहे. मात्र त्याला केंद्राचे १९६४ चे वर्तणूक नियम किंवा तसे दुसरे कोणते नियम लागू असतील, तर त्यांना अधीन राहून.

या 'अधीन राहून'चा आमच्या कार्यालयात सोयीचा अर्थ लावला जाई. काउन्सिलचे नियम खाजगीवाल्यांना, आपल्याला फक्त सेवानियम! तसं मुळीच नाही. सेवानियमांशी जिथे टक्कर होईल तिथे सेवानियम वरचढ, एवढंच त्याचं म्हणणं. बाकी सगळं दोघांनाही लागू. म्हणजे सरकारी आर्किटेक्टच्या डोक्यावर दोन छत्र्या आहेत, आणि पाऊस तरीही लागतोच.

विनियमांची यादी लांबलचक आहे. त्यातलं बरंचसं आम्हा नोकरदारांच्या उपयोगाचं नाही: फीचे दर आधी ठरवून घ्या, ग्राहकाच्या संमतीशिवाय काम दुसऱ्या आर्किटेक्टकडे सोपवू नका, स्वतःची जाहिरात करू नका. जाहिरातीच्या कलमाखाली तर इतके बारीक अपवाद आहेत की वाचताना करमणूक होते. पत्ता बदलला तर वर्तमानपत्रात तीनदा कळवता येतं. आपण केलेल्या इमारतीवर नाव लावता येतं, पण अक्षरांची उंची दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. सरकारी आर्किटेक्टला या दहा सेंटिमीटरची चिंता कधीच पडत नाही. आमच्या इमारतींवर कोनशिला असते. तिच्यावर मुख्यमंत्री, पालकमंत्री, खासदार, आमदार, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, क्वचित अधीक्षक अभियंताही असतात. ज्याने ती इमारत कागदावर पहिल्यांदा पाहिली, तो नसतो. मला याचं दुःख आहे असं कुणी समजू नये. कोनशिलेवर नाव नसल्यामुळे गळक्या छताबद्दलच्या शिव्याही माझ्या नावाने आल्या नाहीत.

आता खऱ्या मोहाकडे येऊ. लोकांना वाटतं, मोह म्हणजे पाकीट. पाकिटाचा प्रश्न सोपा असतो. घेणाऱ्यालाही आणि न घेणाऱ्यालाही आपण काय करतोय ते स्वच्छ कळतं. अवघड असते ती गाडी.

साइट तालुक्याच्या गावापासून आत कुठेतरी, एसटी दिवसातून दोनदा. कार्यालयाची एकच जीप, ती साहेबांबरोबर दुसऱ्या दौऱ्यावर. कंत्राटदाराचा फोन येतो, "मॅडम, स्टँडवर थांबू नका, गाडी पाठवलीय." आता काय करायचं? केंद्राच्या नियमांत भेटीची व्याख्या करताना फुकट प्रवास, जेवणखाण, राहणं हे सगळं भेटीत धरलं आहे. त्याच्याच खाली टीप आहे, की एखाद्या वेळचं साधं जेवण, एखाद्या वेळची लिफ्ट किंवा इतर सामाजिक आदरातिथ्य ही भेट समजली जाणार नाही. आणि लगेच दुसरी टीप, की ज्याच्याशी कार्यालयीन व्यवहार आहे त्याच्याकडून भपकेबाज किंवा वारंवार आदरातिथ्य घेणं टाळावं.

ज्याने हा मजकूर लिहिला त्याने नक्की कधीतरी आडगावची साइट पाहिली असणार. नियमाने लिफ्टवर बंदी घातली नाही, 'वारंवार'वर घातली. म्हणजे एका पावसाळी दुपारी कंत्राटदाराच्या गाडीत बसणं हा गुन्हा नव्हे. पण दर भेटीला त्याचीच गाडी, त्याच्याच शेतावर हुरडा, मग मुलीच्या लग्नाला त्याच्याच ओळखीचा कॅटरर, अशी ती साखळी कुठल्या कडीला 'वारंवार' होते ते तुमचं तुम्ही ठरवायचं असतं, आणि हीच खरी पंचाईत. माझा उपाय अगदी कारकुनी होता. निरीक्षणाच्या टिपणीत पहिल्या ओळीत लिहायचं: 'शासकीय वाहन उपलब्ध नसल्याने कंत्राटदाराच्या वाहनाने प्रवास.' ही ओळ फाइलमध्ये गेली की दोन गोष्टी होतात. पुढच्या खेपेला कार्यालयाची जीप आश्चर्यकारक रीतीने मोकळी निघते. आणि कंत्राटदारही जरा हिरमुसतो, कारण त्याने दिलेली लिफ्ट आता त्याच्या खात्यावर जमा राहिलेली नसते.

दिवाळीच्या मिठाईचं मी काय केलं हे विचारू नका. काजूकतली शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या टेबलावर पोचलेली असते. ती परत पाठवणं हा एक स्वतंत्र समारंभ होऊन बसतो, आणि त्यातून काही साधत नाही.

मोहाचा याहून सभ्य प्रकार म्हणजे तपशीलवार वर्णन, ज्याला आम्ही स्पेसिफिकेशन म्हणतो. निविदेत सरळ एका कंपनीचं नाव लिहिलं तर कुणीतरी ओरडणारच, म्हणून 'किंवा समतुल्य' हे शब्द जोडायची पद्धत आहे. पण समतुल्य कोणी ठरवायचं? आम्हीच. कंपनीचा प्रतिनिधी कॅटलॉग घेऊन येतो, फार नम्र असतो. त्याला नाव नको असतं; त्याला फक्त टाइलची जाडी, पाणी शोषण्याचं प्रमाण आणि छटा अशी लिहून हवी असते, की समतुल्य म्हणून दुसरा कुणी उभाच राहू नये. त्या बदल्यात तो पैसे देत नाही. कारखाना दाखवायला नेतो, तोही गुजरातेत, तोही सहकुटुंब. विनियमांमधलं सहावं कलम कमिशन, भेटी, प्रलोभनं देऊ-घेऊ नये म्हणतं. पण त्याची शब्दरचना ग्राहक किंवा काम मिळवून देण्यापुरती आहे, म्हणजे खाजगी प्रॅक्टिस डोळ्यांपुढे ठेवून केलेली. कॅटलॉगवाला त्या जाळीतून निसटतो. इथे सेवानियमच कामाला येतात, आणि त्यातही 'सचोटी' हा सर्वांत मोघम शब्द.

काउन्सिलच्या विनियमांतलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं कलम साधं आहे: बांधकामाच्या कराराची अंमलबजावणी करताना आर्किटेक्टने न्यायाने आणि निःपक्षपातीपणे वागावं. खाजगी कामात याचा अर्थ लगेच कळतो. तिथे मालक पैसे देतो, कंत्राटदार बांधतो आणि मधे आर्किटेक्ट बिल प्रमाणित करतो. मालकाकडून फी घेत असूनही प्रमाणपत्र देताना त्याने मालकाची बाजू घ्यायची नसते. सरकारी कामात मात्र गंमत आहे. निविदेचा नमुना बी-१ असो की बी-२, आमच्याकडे कामाची सूत्रं कार्यकारी अभियंत्याच्या हातात असतात. मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, शाखा अभियंता लिहितो, उपअभियंता तपासतो. वास्तुशास्त्रज्ञ नकाशे देतो, नमुने मंजूर करतो, पाहणी करून टिपणी पाठवतो. बिल अडवायचा अधिकार त्याला नाही. म्हणजे निःपक्षपातीपणाचं कलम लागू आहे, पण ज्या हाताने ते पाळायचं तो हात दुसऱ्याच्या खांद्याला आहे.

एक रॅम्प सांगते. तालुक्याच्या ठिकाणी प्रशासकीय इमारत. जोतं पंच्याहत्तर सेंटिमीटर, म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या पाच पायऱ्या. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा हवा, त्याहून तीव्र नको. हिशेब सरळ आहे: पंच्याहत्तर गुणिले बारा, म्हणजे नऊ मीटर लांब, शिवाय मधे टेकायला सपाट जागा. माझ्या नकाशात तसा रॅम्प होता, भिंतीला समांतर वळवून घेतलेला. जागेवर गेले तर तो दारासमोर सरळ उतरवलेला, लांबी जेमतेम साडेचार मीटर. उतार एकास सहा. नऊ मीटरचा रॅम्प झेंडावंदनाच्या चौथऱ्याच्या आड येत होता, म्हणून तो अर्धा झाला होता. मी कंत्राटदाराला विचारलं, याच्यावरून खुर्ची कशी चढणार? तो म्हणाला, "ढकलायला माणूस असतोच की, मॅडम."

त्याचं फार चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्याला उपअभियंत्याने तोंडी सांगितलं होतं आणि त्याने तसं केलं होतं. माझ्या टिपणीत मी दोन गोष्टी लिहिल्या. रॅम्प मंजूर नकाशाप्रमाणे नाही, तोडून पुन्हा करावा. आणि हा बदल कंत्राटदाराने स्वतःहून केलेला दिसत नाही, तेव्हा तोडण्याचा खर्च त्याच्या माथी मारण्याआधी सूचना कुणी दिली ते तपासावं. दुसऱ्या वाक्यावरून माझ्याविषयी कुजबुज झाली, मॅडम कंत्राटदाराची बाजू घेतात म्हणून. निःपक्षपातीपणा म्हणजे सदैव कंत्राटदाराच्या विरुद्ध, अशी आपल्याकडे समजूत आहे. टाइल बसवून झाल्यावर आमच्याच कार्यालयाने नकाशा बदलला असेल, तर उखडलेल्या टाइलचे पैसे त्याला मिळायला हवेत. आमचे नकाशे दोन महिने उशिरा गेले असतील, तर मुदतवाढ हा त्याचा हक्क आहे, त्यात उपकार नाहीत.

आता तर या रॅम्पच्या मागे कायदाही उभा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४४ प्रमाणे, सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नकाशाला बांधकाम परवानगी द्यायची नाही आणि तशा इमारतीला पूर्णत्वाचं प्रमाणपत्रही नाही. माझ्या वेळी एवढं बळ असतं, तर झेंड्याचा चौथराच हलला असता. असो.

पण वास्तुशास्त्रज्ञाला अडचणीच्या वेळी ज्या नियमाने तारलं, तो काउन्सिलच्या विनियमांत नाहीच. तो सेवानियमांत आहे, कारकुनापासून सचिवापर्यंत सगळ्यांना लागू, आणि त्याच्यात इमारतीचा उल्लेखही नाही. तो असा: वरिष्ठाचा आदेश साधारणपणे लेखी असावा. तोंडी आदेश होता होईतो टाळावा. टाळता येणार नसेल, तर वरिष्ठाने तो लगेच लेखी कायम करावा. आणि ज्याला तोंडी आदेश मिळाला आहे त्याने लवकरात लवकर लेखी खुलासा मागावा. मागितल्यावर देणं हे वरिष्ठाचं कर्तव्य आहे.

नकाशे कसे बिघडतात हे ज्याने पाहिलंय, त्यालाच या नियमाची किंमत कळेल. सरकारी इमारतीचा नकाशा कुणी लेखी आदेशाने बिघडवत नाही. तो फोनवर बिघडतो, साहेबांच्या केबिनमध्ये बिघडतो, भूमिपूजनाच्या मंडपात बिघडतो. मंत्र्यांच्या स्वीय सहायकाला दर्शनी भाग 'जरा भारदस्त' हवा असतो. अंदाजपत्रक ठरलेल्या रकमेच्या वर जात असतं, मग कशावर तरी कात्री लावायची असते, आणि कात्री नेहमी अशा गोष्टीवर लागते जी उद्घाटनाच्या फोटोत येत नाही.

एका ग्रामीण रुग्णालयाचं काम होतं. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय म्हणजे तीस खाटांचं. वॉर्ड वरच्या मजल्यावर, दोन टोकांना दोन जिने. खर्च वाढला म्हणून एक जिना वगळा, असं बैठकीत ठरलं. मी नस्तीवर टिपणी चढवली: दुसरा जिना वगळल्यास आगीच्या वेळी वरच्या मजल्यावरील रुग्णांना बाहेर पडण्यास एकच मार्ग उरतो, सबब वास्तुशास्त्रीयदृष्ट्या शिफारस करता येत नाही. फाइल परत आली, वर शेरा: 'कृपया चर्चा करावी.'

हा शेरा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 'चर्चा करावी' याचा अर्थ, तू लिहिलेलं मला कागदावर नको आहे, ये आणि तोंडी ऐकून जा. मी गेले. साहेब चिडले नव्हते, उलट चहा मागवला. म्हणाले, "तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे हो, पण असं लिहून ठेवलं की मला पुढे जाता येत नाही. ती टिपणी बदला, जिन्याचं मी बघतो." मी टेबलावर परत आले आणि पुढची टिपणी लिहिली: 'दि. अमुक रोजी चर्चा झाली. चर्चेत जिना वगळून सुधारित नकाशा सादर करण्याबाबत तोंडी सूचना मिळाली. त्याबाबत लेखी आदेश व्हावेत.' खाली सही, तारीख.

लेखी आदेश आलाच नाही. फाइल चार आठवडे कुठेतरी पडून होती, मग दुसऱ्याच टिपणीवर खाली आली. जिना राहिला होता, पोर्च गेला होता. उद्घाटनाच्या दिवशी मंडपवाल्याला जादा कापड लावावं लागलं. साहेब माझ्याशी वर्षभर फक्त कामापुरते बोलले. माझ्या त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात 'सहकाऱ्यांशी समन्वय' या रकान्यात काय आलं ते वाचकांनी ओळखावं. पुढे ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, तेव्हा राज्यभर फायर ऑडिटची धावपळ उडाली. आमच्या त्या रुग्णालयातही पथक आलं असेल. मी तोवर निवृत्त झाले होते.

कुणी म्हणेल, हे कागदी शूरपण झालं. असेल. पण सरकारी आर्किटेक्टजवळ राजीनाम्याखेरीज दुसरं शस्त्र कोणतं? खाजगी आर्किटेक्ट अशा ग्राहकाला नमस्कार करून काम सोडू शकतो. आम्ही बदली मागू शकतो, तीही मिळेल तिथे.

अलीकडे चित्र आणखी बदललंय. मोठ्या इमारतींचे नकाशे आता कार्यालयात कमी निघतात, बाहेरचा सल्लागार नेमतात. सल्लागार निवडतानाही निविदा, आणि पुष्कळदा सर्वांत कमी फी मागणारा. काउन्सिलच्या विनियमांत मात्र लिहिलंय, की फुकट किंवा कमी फीत नकाशे काढून दुसऱ्या आर्किटेक्टशी चढाओढ करू नये. रीतसर स्पर्धा घेतली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे सरकार ज्या अटीवर बोलावतं, ती अट पाळली तर आर्किटेक्टचा स्वतःचा नियम मोडतो. गुणवत्ता आणि खर्च दोन्हींना गुण देऊन निवड करायची तरतूद केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत आहे. ती वापरायला अंगात धमक लागते, कारण कमी दराची फाइल ऑडिटमध्ये कुणी अडवत नाही.

सल्लागार मधेच निघून गेला, किंवा त्याला काढलं, की त्याचे नकाशे आमच्या टेबलावर येतात. "थोडे फेरफार करून आपल्या नावावर घ्या." इथे विनियम स्पष्ट आहेत: आधीच्या आर्किटेक्टची नेमणूक संपल्याचा पुरावा हवा, आणि काम हाती घेत असल्याचं त्याला लेखी कळवायला हवं. मी असं पत्र एकदा पाठवलं तेव्हा कळलं, की त्याचं काम थांबलंच नव्हतं, त्याचं बिल थांबलं होतं.

पूर्वी हे सगळं इतकं कडक नव्हतं. जॉर्ज विटेट मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुशास्त्रज्ञ होते. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं काम त्यांना १९०९ च्या खुल्या स्पर्धेतून मिळालं. नोकरीतल्या अधिकाऱ्याने सरकारच्याच वर्तुळातल्या स्पर्धेत उतरायचं म्हटलं, तर आज पहिल्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज पडेल. १९१७ मध्ये जे.जे.च्या माजी विद्यार्थ्यांनी आर्किटेक्टांची जी संघटना काढली, जिच्यातून पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली, तिचेही पहिले अध्यक्ष विटेटच. नंतर ते सरकारी नोकरी सोडून टाटांच्या इंजिनिअरिंग कंपनीत गेले. आज केंद्राच्या गट अ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत अशी नोकरी धरायची तर आधी परवानगी लागते. विटेट यांनीच रेखाटलेलं गेटवे ऑफ इंडिया १९२४ च्या डिसेंबरात खुलं झालं, आणि ते सरकारी आर्किटेक्टचं काम आहे हे समोर फोटो काढणाऱ्यांना सांगूनही खरं वाटत नाही.

एक निकालही सांगायला हवा, कारण त्याचा गैरसमज फार झालाय. नोएडा प्राधिकरणाने 'असोसिएट टाउन प्लॅनर' या पदाचं नाव बदलून 'असोसिएट आर्किटेक्ट' केलं आणि कायद्याने मान्य पदवी नसलेल्यांनाही त्यावर बढतीची वाट ठेवली. काउन्सिल सर्वोच्च न्यायालयात गेली. १७ मार्च २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की कायद्याचं कलम ३७ 'आर्किटेक्ट' हे नाव राखून ठेवतं, इमारत रेखाटण्याचं काम नव्हे. तेव्हा नोंदणी नसलेल्या माणसाला ते काम करता येईल, पण पदाच्या नावात 'आर्किटेक्ट' असेल तर त्या खुर्चीवर तो बसू शकत नाही. वर्तमानपत्रांनी पहिल्याच अर्ध्यावर भर दिला. आमच्या लोकांनी दुसऱ्या अर्ध्यावर. मला दोघांचंही आश्चर्य वाटलं. काम मोकळं आणि नाव राखीव, तर मग नियम पाळायची सक्ती फक्त नाव लावणाऱ्यावर! ज्या कार्यालयाला नियमांची कटकट नको असेल, त्याने पदाचं नाव बदललं की झालं.

सामान्य माणसाला यातलं काय हाताशी आहे? आर्किटेक्टने व्यावसायिक गैरवर्तन केलं असेल तर काउन्सिलकडे तक्रार करता येते. चौकशीअंती ताकीद, व्यवसायातून निलंबन किंवा नोंदवहीतून नाव काढून टाकणं, इथपर्यंत काउन्सिल जाऊ शकते. तो सरकारी असेल तर खात्याकडेही तक्रार जाते. पण त्याहून उपयोगी दार २००५ च्या माहिती अधिकाराचं आहे, आणि त्याचा पुरता वापर फार थोडे लोक करतात. दहा रुपयांच्या अर्जावर कागदांच्या प्रती मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच कायद्यात चालू कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरल्या जाणाऱ्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार लिहिला आहे. तुमच्या तालुक्याच्या नव्या इमारतीचा मंजूर नकाशा मागा, आणि त्याबरोबर टिपणीची पानंही मागा. नकाशाच्या प्रती लगेच देतात. टिपणीच्या पानांना वेळ लागेल. तीस दिवसांत मिळाली नाहीत, तर पहिलं अपील करायचं असतं.